दाराशी येणारी माणसे

शहरातील एखाद्या चाळीत किंवा इमारतीत सकाळी सात ते दहा ह्या वेळात दारावरची घंटा किती वेळा वाजते, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. दूधवाला येतो, वर्तमानपत्र टाकणारा येतो, भांडी घासणाऱ्या बाई येतात, मागाहून कचरा नेण्यास कोणी येते, आणि नळ गळत असल्यास नळ दुरुस्त करणाराही येतो. ह्या प्रत्येक घंटेसरशी सर्वांच्या आधी दाराकडे धावते ते घरातील चारएक वर्षांचे मूल. दार उघडताच ते आत वळून ओरडते, “आई, कचरेवाली आली!”

ह्या वाक्यात घरातील कोणासही काही खटकत नाही. वस्तुतः कचरा असतो घरच्यांचा. आलेली बाई तो घेऊन जाण्याकरिता जिने चढून आलेली असते. म्हणजे त्या दारात कचरेवाले कोणी असलेच, तर ते दाराच्या आतल्या बाजूस उभे असतात. परंतु मुलाने हा शब्द विचार करून बनविलेला नाही. त्याने तो ऐकला व उचलला. तीन ते सहा वर्षांच्या वयात मूल नुसता शब्द उचलीत नाही, शब्द उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील भावही त्याबरोबर उचलते. कोणाच्या येण्याने आई हसते, कोणास बाबा “बसा” म्हणतात, कोणास उंबऱ्याबाहेरच थांबविले जाते, हे सारे ते टिपून ठेवते.

बालवाडीत हाच विषय ‘आपले मदतनीस’ ह्या नावाने शिकविला जातो. त्याची ठरलेली रीत बहुतेक आईबापांस परिचित आहे. भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगलेला असतो. त्यावर पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, शिक्षिका, अग्निशामक दलाचा जवान अशी चित्रे असतात. बाई छडीने चित्र दाखवितात आणि मुले एका सुरात नाव सांगतात. पुढे एक दिवस वेषभूषेचा येतो. आईबाप दुकानातून भाड्याने पोशाख आणतात, कोणी खाकी टोपी घालतो, कोणी गळ्यात नळी अडकवितो, छायाचित्रे निघतात, आणि संध्याकाळी पोशाख दुकानात परत जातो. बहुतेक वेळा विषयही त्याच्याबरोबर परत जातो. पोस्टमन म्हणजे खाकी कपडे आणि डॉक्टर म्हणजे पांढरा डगला, एवढेच मुलाच्या हाती राहते. पोस्टमन काय करतो, त्याच्या खांद्यास किती ओझे होते, पत्त्यातील एक आकडा चुकला तर त्याची काय गत होते, ह्यांपैकी काहीच त्याच्या अनुभवास आलेले नसते.

ह्या वेषभूषेत आणखी एक गोष्ट दिसून येते. ज्यांचा पोशाख भाड्याने मिळतो तेवढेच मदतनीस रंगमंचावर येतात. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा पोशाख कोणतेही दुकान ठेवीत नाही. गटार साफ करणाऱ्याचाही ठेवीत नाही. मुलाच्या आयुष्यात रोज येणारी माणसे अशा रीतीने धड्यातून गळून जातात, आणि क्वचितच भेटणारी माणसे तक्त्यावर राहतात.

मुलास कामकरी माणसाची ओळख त्याच्या हातांच्या द्वारे करून द्यावी, हा विचार नवा नाही. फ्रीड्रिक फ्रोबेल ह्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली. पुढे तिलाच त्याने बालोद्यान ह्या अर्थाचे नाव दिले. १८४४ साली त्याने आयांकरिता गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुतार आहे, पाव भाजणारा आहे, रानात कोळसे पाडणाराही आहे. आईच्या मांडीवर बसलेले मूल बोटांनी त्यांच्या कामाची नक्कल करते. फ्रोबेलला त्या कामकऱ्यांविषयी मनःपूर्वक आदर होता, ह्यात शंका नाही. तथापि त्याच्या खेळात बोटे नाचतात, पण लाकूड कापले जात नाही.

मारिया माँटेसरी ह्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो ह्या कामकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी ह्याच्या उलट टोक धरले. त्यांच्या मते मुलास खोटा झाडू देण्यात अर्थ नव्हता; त्याच्या उंचीचा खरा झाडू द्यावयाचा, फुटू शकणारा खरा पेला द्यावयाचा, आणि खरे काम करू द्यावयाचे. नटण्याच्या व लटक्या संसाराच्या खेळाविषयी त्यांस फारसे ममत्व नव्हते. न्यूयॉर्क येथे कॅरोलाइन प्रॅट ह्यांनी १९१४ साली काढलेल्या शाळेत ह्या दोहोंची सांगड दिसते. प्रॅटबाई स्वतः लाकूडकामात तरबेज होत्या. त्या मुलांस बंदरावर नेत, तेथील बोटी व मालाची चढउतार दाखवीत, आणि शाळेत परत आल्यावर मुले लाकडी ठोकळ्यांतून तेच बंदर पुन्हा उभारीत. खेळच तो, पण पाहिलेल्या गोष्टीचा. कोणता ठोकळा कोठे ठेवावयाचा हे ठरविताना, बंदरावर कोण काय करीत होते हे मुलास आठवावेच लागे.

महाराष्ट्रात हा विचार रुजला तो ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांच्या हातून, आणि त्याने येथे वेगळेच वळण घेतले. ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरात गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत काम केले होते. १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाला. तेथे येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतील होती. परंतु १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी ह्या गावी गेल्या, आणि त्याच वर्षी अनुताईही त्यांस येऊन मिळाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे जी मुले आली त्यांचे आईबाप स्वतःच कष्टकरी होते. त्या मुलांस ‘शेतात कोण राबते’ हे तक्त्यावरून शिकविण्याचे कारणच नव्हते. मुले शाळेत येईनात, म्हणून शिक्षिकाच वस्तीतील अंगणात गेल्या. मुलांची नखे काढणे, केस विंचरणे, त्यांस न्हाऊ घालणे ही कामे त्यांनी केली. महाग शैक्षणिक साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले, खडे, पाने, काटक्या आल्या. पुढे १९५७ पासून हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर चालले. ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्याच कार्यातून आला, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर रूढ झाला.

बोर्डीच्या अंगणात मदतनीस कोण आणि मदत घेणारा कोण, हे नाते उलटे झाले होते. शिकलेल्या बायका कष्टकऱ्यांच्या मुलांचे केस विंचरीत होत्या. ज्या शहरी घरांत मुलास दुसऱ्याच्या सेवेचीच सवय लागते, त्या घरांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे, ते पाहू गेल्यास टपालापासून आरंभ करणे सोईचे पडते. पत्र लिहिण्याची चाल हल्ली बरीच मागे पडली आहे. भारतात १५ जुलै २०१३ पासून तारही बंद झाली. तरी साधे कार्ड अद्याप मिळते, आणि चार वर्षांच्या मुलास शिकविण्याच्या दृष्टीने त्याच्याइतकी उत्तम वस्तू दुसरी नाही. मुलाने कार्डाच्या एका बाजूस हवे ते चित्र काढावे. पत्ता आईने किंवा बाईंनी लिहावा, पण मुलास शेजारी बसवून, मोठ्याने उच्चारून लिहावा: नाव, घर, रस्ता, गाव, आणि शेवटी सहा आकडे. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी चालू झाले. ते योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या सेवेतील अधिकारी, आणि संस्कृत कवी म्हणूनही ख्यात. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो. महाराष्ट्र व गोव्याचा आकडा ४ आहे. अर्थात चार वर्षांच्या मुलास ह्यातले फारसे कळणार नाही, व कळावे असा आग्रहही नसावा. आपल्या घराचे सहा आकड्यांचे एक नाव आहे, इतके त्यास पुरे.

मग ते कार्ड मुलाच्या हातात देऊन तांबड्या पेटीपर्यंत चालत जावे आणि पेटीत त्यानेच टाकावे. त्याचा हात पोचत नसल्यास उचलून धरावे, पण त्याच्या हातून कार्ड काढून घेऊन आपण टाकू नये. हे सांगण्याचे कारण असे की, घाईच्या वेळी बहुतेक पालक नेमके हेच करतात. कार्ड आपल्याच पत्त्यावर टाकलेले असावे. ते त्या दिवशी येणार नाही, दुसऱ्या दिवशीही कदाचित येणार नाही. मूल विचारील, रडेल, पेटीत जाऊन पाहू या म्हणेल. हे दोनतीन दिवस फुकट गेले असे समजू नये. ह्या दिवसांत पत्र कोठे असेल, ह्याविषयी मुलाशी जे बोलणे होते त्यातच धड्याचा मोठा भाग असतो. पेटी कोणी उघडली असेल? पत्रांवर शिक्का कोणी मारला असेल? आपल्या गल्लीची पत्रे वेगळी कशी केली असतील? आणि एके दिवशी दार वाजते, व पेटीत दिसेनासे झालेले चित्र एक माणूस खांद्यावरच्या पिशवीतून काढून मुलाच्या हातात देतो. त्या क्षणापासून तो माणूस त्याच्या लेखी तक्त्यावरचे चित्र राहत नाही.

ह्यानंतर बालवाडीत टपालघर मांडावे. त्यास चपलांचे रिकामे खोके व जुनी पाकिटे पुरतात. मुलांस अक्षरे येत नाहीत, ही येथे अडचण नव्हे. पाकिटांवर रंगीत ठिपके लावावेत. निळा ठिपका निळ्या खोक्यात, दोन पिवळे ठिपके दोन पिवळ्या ठिपक्यांच्या खोक्यात, अशी वाटणी तीन वर्षांचे मूलही करू शकते. पाच वर्षांच्या मुलास एक रंग व एक आकडा एकत्र द्यावा. ह्या युक्तीस मुंबईत मोठा आधार आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केलेला डबेवाल्यांचा व्यवसाय अशाच खुणांवर चालत आला. डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि एखाददुसरे अक्षर. त्यावरून डबा कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर न्यावयाचा, हे कळते. डबा एका हातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हाती जातो, आणि रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली, तरी ही खुणांची लिपी मुलांस शिकविण्याजोगी आहे. बालवाडीतील मुलांचे खाऊचे डबे एका दिवशी असेच खुणा करून, एका खोलीतून दुसरीत, तीन हातांतून पोचवावेत. एखादा डबा चुकीच्या मुलाकडे जातोच. तो गोंधळ बाईंनी निस्तरण्याची घाई करू नये. कोठे चुकले हे मुलांनीच मागे मागे जाऊन शोधावे.

एक प्रयोग मात्र अवश्य करावा. कापडी पिशवीत जुनी मासिके भरून ती मुलाच्या खांद्यास अडकवावी व त्यास एक जिना चढावयास सांगावे. ओझे बेताचेच असावे, मुलास इजा होईल इतके नव्हे. एक मजला चढून जाताच मूल पिशवी खाली ठेवते, आणि न शिकविता पाणी मागते. दुसऱ्या दिवशी दाराशी आलेल्या पोस्टमनकाकांस “पाणी हवे का?” हा प्रश्न त्याने आपण होऊन विचारला, तर तो कोणत्याही कवितेने शिकविलेला नसेल.

प्रत्यक्ष माणसास बालवाडीत बोलावण्याची पद्धतही चांगली आहे, पण तिच्यात बऱ्याच वेळा हेळसांड होते. ज्यास बोलवावयाचे त्याचा वेळ त्याच्या सोईने मागावा. सणासुदीच्या गर्दीत पोस्टमनास, किंवा पावसाळ्याच्या ऐन दिवसांत नळ दुरुस्त करणाऱ्यास अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. त्याचे पूर्ण नाव मुलांस आधी सांगून ठेवावे. त्याने भाषण करू नये. आपले हत्यार किंवा साधन आणून ते वापरून दाखवावे. मुलांचे दोनच प्रश्न आधी ठरलेले असावेत, बाकीचे आपोआप येतात. आणि तो जितका वेळ खर्च करील, त्याची मजुरी बुडत असल्यास ती त्यास द्यावी. मानाच्या नावाखाली कष्टकऱ्याचा अर्धा दिवस फुकट घेणे, हा मुलांपुढे ठेवण्याजोगा धडा नव्हे.

पोलीस, डॉक्टर आणि अग्निशामक दल ह्यांच्याविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. त्यांचा बोलबाला आधीच पुष्कळ आहे. तेथे काम आहे ते भीती काढण्याचे. “जेवला नाहीस तर पोलिसास बोलावीन” आणि “त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील” ही वाक्ये ज्या घरात ऐकू येतात, तेथील मूल जत्रेत हरवले म्हणजे पोलिसाकडे जाणार नाही, उलट त्यास पाहून लपेल. अग्निशामक जवानाची गोष्टही अशीच आहे. तोंडावर मुखवटा चढवून धुरातून येणारी आकृती पाहून लहान मुले घाबरून खाटेखाली दडतात व त्यामुळे सापडत नाहीत. म्हणून जवान बालवाडीत आल्यास त्याने मुखवटा घालून येऊ नये. आधी चेहरा दाखवावा, मग मुलांच्या देखत एकेक वस्तू अंगावर चढवावी, आतून बोलावे, आणि पुन्हा उतरवावी. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या बोटीवर स्फोट झाले, त्यात आग विझविणारे ६६ जण मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. ही कथा चार वर्षांच्या मुलास सांगू नये; मोठ्यांनी मात्र ती लक्षात ठेवावी. मुलांस त्या सप्ताहात बादल्यांची रांग करू द्यावी: एका टोकास हौद, दुसऱ्या टोकास कुंडीतील झाड, आणि मधे हातोहात जाणारे पाणी. अर्धे पाणी सांडते, सारी मुले भिजतात, आणि एकट्याने आग विझत नाही हे अंगाला कळते.

खरी कसोटी लागते ती झाडूपाशी. झाडणे ह्या कामास मुलांचा मुळीच विरोध नसतो. उलट दोन वर्षांचे मूलही घरातील केरसुणी ओढीत हिंडते, आणि ‘टाक ती, घाण आहे’ हे वाक्य त्यास मोठी माणसेच शिकवितात. माँटेसरी पद्धतीतील एक जुना पाठ असा: जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढावयाचे, खोलीभर कागदाचे कपटे पसरावयाचे, आणि मुलाने आपल्या बेताच्या झाडूने ते सारे वर्तुळात आणावयाचे. काम सोपे दिसते, पण कपटे वर्तुळाजवळ आले की पंख्याच्या वाऱ्याने पसरतात. मूल पुन्हा झाडते. दहा मिनिटांनी त्याच्या कपाळावर घाम दिसतो. तेवढ्यात दुसरा एखादा मुलगा त्याच झाडलेल्या जागी पेन्सिलीची सालपटे टाकतो, आणि पहिला संतापतो. हा संताप अत्यंत मोलाचा आहे. रस्त्यावर केळ्याचे साल टाकू नये हे शंभरदा सांगून जे साधत नाही, ते ह्या एका संतापाने साधते. संत गाडगेबाबा गावात पाऊल टाकताच प्रथम हाती झाडू घेत व उपदेश मागाहून करीत. १८७६ ते १९५६ ह्या आयुष्यात त्यांनी जी शिक्षणपद्धती वापरली, ती शिशुवर्गास तंतोतंत लागू पडते.

यापुढील पाठ कचरा निवडण्याचा. मुलांच्या हाती खरा कचरा अर्थातच देऊ नये. शेंगांची टरफले, भाजीची पाने, वर्तमानपत्राचे तुकडे, रिकामी खोकी, मोठी झाकणे असे स्वच्छ जिन्नस एकत्र मिसळावेत, आणि ओले एका टोपलीत व सुके दुसरीत, अशी निवड मुलांनी करावी. २०१६ सालच्या नियमांनी घरोघरी कचरा वेगवेगळा करून देणे बंधनकारक केले. पण नियमाचे कारण मुलास कळावयाचे, तर मिसळलेला ढीग त्यानेच एकदा निवडला पाहिजे. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या स्त्रीपुरुषांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली. त्यांच्याच प्रयत्नांतून पुढे घरोघरचा कचरा गोळा करणारी सहकारी संस्थाही निघाली. वापरलेले सॅनिटरी कपडे वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे उचलणाऱ्यास न उघडता कळते, अशी साधी मागणी ह्या स्त्रियांनी शहरापुढे ठेवली. फुटलेल्या काचेसही अशीच खूण करता येते. काच गुंडाळण्याचे काम मोठ्यांचे. मुलाने पुडक्यावर तांबड्या खडूने मोठा गोल काढावा, आणि तो कोणासाठी काढला हे त्यास नावानिशी ठाऊक असावे. ‘मावशींचा हात कापू नये म्हणून’ हे कारण पाच वर्षांच्या मुलास पुरेपूर कळते.

येथे शिक्षकांनी एका गोष्टीची विशेष जपणूक केली पाहिजे. गावगाड्यातील बारा बलुतेदारांची यादी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितली जाते. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी ही नावे मुलांस आवडतात, आणि चाकावर मडके चढताना पाहणे हा तर त्यांस अपूर्व सोहळा वाटतो. कुंभारवाड्यात मुलांस अवश्य न्यावे, हातात चिखल द्यावा. परंतु ह्या व्यवस्थेत कोणी कोणते काम करावयाचे हे जन्माने ठरत असे, आणि ज्यांच्या वाट्यास मेलेली जनावरे ओढण्याचे काम आले त्यांस पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, हेही त्याच गावगाड्याचे सत्य आहे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मुंबई विधिमंडळात वतनी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते महार वतनदारांस ह्या वेठीतून सोडविण्याकरिता. चार वर्षांच्या मुलास इतिहास सांगावयाचा नाही. पण बालवाडीच्या खेळात झाडू रोज एकाच मुलाच्या हाती जात नाही ना, आणि दुकानदार रोज तोच तो होत नाही ना, हे पाहणे बाईंच्या हाती आहे. मुलींस नेहमी परिचारिका व मुलांस नेहमी गाडीवान करण्याची खोडही तशीच. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव ह्यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाअखेर रेल्वेचे इंजिन चालविण्याचे काम पत्करले आणि २०२५ साली त्या निवृत्त झाल्या. तेव्हा मुलींनी आगगाडी हाकू नये, असे म्हणण्यास आता कोणासही तोंड उरलेले नाही.

एवढे सारे बालवाडीने केले, तरी दुपारी मूल घरी येते. घरी येणाऱ्या बाईंचा चहाचा कप कित्येक सुशिक्षित घरांत अद्यापि वेगळा ठेवलेला असतो. तो खिडकीत असतो, किंवा मोरीशेजारच्या फळीवर. त्याविषयी कोणी बोलत नाही. मुलास तो कप ठाऊक असतो. त्याचा टवका कोठे उडालेला आहे हेही ठाऊक असते. बालवाडीत ज्याने मावशींसाठी पुडक्यावर तांबडा गोल काढला, ते मूल एके दिवशी तो कप इतर कपांत नेऊन ठेवील, अथवा “हा वेगळा का?” असे पाहुण्यांदेखत विचारील. आईबापांच्या दृष्टीने ही वेळ अवघड असते. बहुतेक ठिकाणी “तुला नाही कळायचे” हे उत्तर मिळते. त्या उत्तराने बालवाडीतील सहा महिन्यांचे काम पुसले जाते, आणि तेही अशा रीतीने की बाईंस त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून काही बालवाड्या ह्या विषयाचा आरंभ मुलांपासून न करता पालकसभेपासून करतात, ते योग्यच आहे. सभेत पालकांस एकच काम सांगावे: घरी दाराशी येणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, आडनावासह, लिहून आणावे. सोपे वाटते, पण बऱ्याच कागदांवर ‘दूधवाला’, ‘इस्त्रीवाला’, ‘बाई’ असेच लिहून येते. मग पालक दुसऱ्या दिवशी दाराशी उभे राहून नाव विचारतात, आणि बाजूस मूल उभे असते. कधी नाव सांगणाराच बावरतो, कारण दहा वर्षांत त्यास ते कोणी विचारलेले नसते.

ती नावे बालवाडीत एका लांब कागदावर लिहून भिंतीस लावावीत. त्यांच्याखाली मुलांनी आपापल्या परीने चित्रे काढावीत: दुधाची किटली, इस्त्रीचा धूर, जिना. कोणाचे चित्र कोणाच्या नावाखाली आहे ते मुलांसच कळते. पुढल्या आठवड्यात त्यांपैकी एकाच्या नावे मुलांनी कार्ड टाकावे, पत्ता विचारून घ्यावा, आणि सहा आकडे नीट लिहिले आहेत ना, हे दोनदा पाहून मगच ते तांबड्या पेटीकडे न्यावे.